दुकानाचं भाडं आतलं, कमाई फुटपाथवरची



मागच्या व्हिडिओत मी ओघात एक वाक्य बोलून गेलो होतो. भाडं तुम्ही दुकानाच्या आतल्या जागेचं भरता, पण गिऱ्हाईक मिळतं ते बाहेरच्या फुटपाथवर. वेळ संपला आणि विषय तिथंच राहिला. आज तो पूर्ण करतो.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एरवी कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडीला किक मारणारा पुणेकर गणपतीच्या दिवसांत पेठांमधून तीन-तीन तास पायी कसा काय फिरतो? लहान मूल खांद्यावर, आजी हाताशी, पाय दुखतायत अशी तक्रार तोंडात, तरी चालतोच.

कारणं दोन आहेत. एक, प्रत्येक चौकात बघण्यासारखं काहीतरी असतं. हा देखावा झाला की पुढचा. दोन, संध्याकाळी मुख्य रस्त्यांवर गाड्या बंद केलेल्या असतात, त्यामुळे माणूस मान वर करून बघू शकतो. आणि त्या गर्दीत कोण कमावतं? भेळवाला, फुगेवाला, कुल्फीवाला आणि दुकान उघडं ठेवणारा प्रत्येक जण.

ज्याला आज 'पब्लिक आर्ट' म्हणतात, ते आपल्याकडे असं कधीपासूनच आहे. फक्त वर्षातले दहा दिवस. माझं म्हणणं एवढंच, की उरलेल्या दिवसांचा विचार आपण व्यापाऱ्यांनी करायला हवा. रस्त्यावर चित्र, शिल्प, रंग आणणं ही हौस नाही, ती धंद्यातली गुंतवणूक आहे.

सणापुरतं ठीक आहे, रोज कोण बघतं, असं वाटतंय ना? मग थोडं लांबचं उदाहरण घ्या. अल्बेनियाची राजधानी तिराना. तिथे २००० साली एदी रामा महापौर झाले. मूळचे चित्रकार. शहराकडे पैसा नव्हता. त्यांनी करड्या, उदास इमारतींना भडक रंग द्यायला सुरुवात केली. सोबत बेकायदा टपऱ्या हटवल्या, झाडं लावली. २०१२ च्या एका भाषणात त्यांनी सांगितलेला प्रसंग मला फार आवडतो. नुकत्याच रंगवलेल्या रस्त्यावर एक दुकानदार आणि त्याची बायको जुनं शटर टाकून देऊन काच बसवत होते. रामांनी विचारलं, शटर का काढलं? तो म्हणाला, आता रस्ता सुरक्षित वाटतो. पोलीस वाढले का? तर नाही. रंग आले, दिवे आले, खड्डे नसलेला फुटपाथ आला.

त्या दुकानदाराची यादी नीट वाचा. रंग आहे, पण सोबत दिवे आणि फुटपाथही आहे. ही गोष्ट आपण विसरतो. आपल्या शहरांत भिंती रंगतात. फुलपाखरं, वारली, स्वच्छतेचे संदेश. पण त्या भिंतीसमोर दोन मिनिटं उभं राहायला जागा आहे का? समोर दुचाक्या लावलेल्या, विजेचा डबा, वर केबल लोंबतेय. असं चित्र चालणाऱ्यासाठी नसतं. ते गाडीच्या काचेतून दिसण्यापुरतं असतं, आणि गाडीतला माणूस तुमच्या दुकानासमोर थांबत नाही.

इथे माझी एक चूक कबूल करतो. मी प्रशिक्षण द्यायला नुकती सुरुवात केली होती तेव्हा एका कापड दुकानदाराला सल्ला दिला, पुतळे आणि सेलचं स्टँड बाहेर मांडा, नजरेत भरेल. त्याने मांडलं, विक्री वाढली, मी खूश. मग शेजाऱ्याने मांडलं, मग त्याच्या शेजाऱ्याने. पुढच्या दिवाळीला मी तिथे गेलो तर बायका मुलांचा हात धरून गाड्यांच्या मधून चालत होत्या. फुटपाथ होता, पण तो आम्ही खाल्ला होता. तो दुकानदार मला म्हणाला, "सर, बायका आता मॉलमध्ये जातात. तिथे पोरांना मोकळं सोडता येतं." त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी जागा, मग चित्र. आपल्याकडच्या रस्तेबांधणीच्या मानकांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे साधारण सहा फूट सांगितली आहे. उद्या टेप घ्या आणि आपल्या दुकानासमोर मोजा.

"गाड्या बंद केल्या तर गिऱ्हाईक येणार कसं?" ही भीती मला माहीत आहे. पुणे महापालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतो. तिथेही रस्ता चालणाऱ्यांना मिळतो आणि कला थेट रस्त्यावर येते. गंमत बघा, ज्या पुतळ्यावरून त्या भागाला काळा घोडा म्हणतात, तो १९६५ मध्येच तिथून हलवला गेला. नाव मात्र टिकलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा उभा राहिला, यावेळी स्वाराशिवाय. मित्रांनो, "काळ्या घोड्यापाशी भेटू" असं लोक म्हणतात, तेव्हा आसपासच्या प्रत्येक दुकानाची फुकट जाहिरात होत असते.

सुरक्षिततेचंही सांगतो. २०२२ मध्ये ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजने अमेरिकेतल्या अशा १७ जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला, जिथे थेट रस्त्यावर चित्रं रंगवली होती. पादचारी, सायकलस्वार अशांच्या अपघातांचं प्रमाण निम्म्याने घटलेलं आढळलं.

मग करायचं काय?

१. येत्या शनिवारी संध्याकाळी एक तास दारात बसा. किती गिऱ्हाईक पायी आलं, किती गाडीवरून, वहीत लिहा. अंदाज नको, आकडा हवा.

२. तुमच्या ओळीतले पाच-सहा दुकानदार एकत्र या. सगळ्यांनी बाहेरचा माल एकाच दिवशी आत घ्या. एकट्याने घेतलात तर तुमचंच नुकसान होईल.

३. सुरुवात स्वतःच्या शटरपासून करा. रात्री दुकानं बंद झाली की रस्ता भकास होतो, तेव्हा रंगवलेली शटर दिसतात. सार्वजनिक भिंतीसाठी मात्र महापालिकेची परवानगी हवीच. विनापरवाना रंगवणं कायद्याने गुन्हा आहे.

४. चित्रकाराला पैसे द्या. फ्लेक्स आल्यावर गावोगावचे बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसले. त्यांचा हात अजून तयार आहे. "प्रसिद्धी मिळेल" असं सांगून काम करून घेऊ नका. तुम्हाला कोणी प्रसिद्धीच्या बदल्यात साडी मागितली तर द्याल का?

५. चित्रात दुकानाचा लोगो घालू नका. लोक जाहिरातीसमोर थांबत नाहीत. गल्लीची गोष्ट काढा. तांबटांची आळी असेल तर ठोके घालणारे हात दाखवा.

६. दर पावसाळ्यानंतर डागडुजीचे पैसे आधीच बाजूला ठेवा. पोपडे उडालेलं चित्र कोऱ्या भिंतीपेक्षा वाईट दिसतं.

ऑनलाइनवाल्याशी आपण किमतीत किती दिवस लढणार? त्याच्याकडे गोदाम आहे, ॲप आहे, सवलत आहे. रस्ता मात्र त्याच्याकडे नाही. संध्याकाळी सहज बाहेर पडावं, काहीतरी बघावं, ओळखीचं कोणी भेटावं, हे फक्त तुमच्या दारात होऊ शकतं. ते होण्यासाठी दारासमोर सहा फूट मोकळे ठेवा.