अध्यक्षाची पँट आणि आजीचा भूकंप

९ ऑगस्ट १९६४. अमेरिकेचा अध्यक्ष लिंडन जॉन्सन हॅगर या कपड्यांच्या कंपनीच्या मालकाला फोन लावतो. त्याला सहा पँटी हव्यात. खिसे इंचभर खोल करा, बसलं की पैसे नि चाकू खाली पडतात. खाली मांड्यांत जागा ठेवा, काचतं. बोलता बोलता साहेब ढेकर देतात. ढेकरासकट हे सगळं टेप झालेलं आहे. टेक्सासमध्ये ऑस्टिन गावी त्याच्या नावाचं ग्रंथालय आहे, तिथं ते जपून ठेवलंय आणि आज कुणीही ऐकू शकतो. मी ऐकलं. गोदीतली रात्रपाळी संपवून, लोकलच्या दारात उभं राहून, मोबाइलवर. इंग्रजी अर्धं कळलं. ढेकर पूर्ण कळला.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. तालुका पाटण, कोयनानगर. अमेरिकेचा अध्यक्ष तेव्हाही हाच जॉन्सन. जमीन हलली. सुमारे १८० माणसं मेली, हजाराच्या वर जखमी झाली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली नाहीतर फुटली. त्या पहाटे माझी आजी तिथं होती. तिचा आवाज कुठं आहे?

दोस्तांनो, या अंकाचं संपादकीय एवढ्याच प्रश्नासाठी आहे.

आधी त्यांचं बघू. जॉन्सननं नोव्हेंबर १९६३ पासून जानेवारी १९६९ पर्यंत आपले फोन आणि बैठका गुपचूप टेप केल्या. सुमारे ८०० तास भरतात. मी मेल्यावर ५० वर्षं हे उघडू नका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. १९७३ मध्ये तो मेला. पण १९९३ पासूनच ग्रंथालयानं टेपा उघडायला सुरुवात केली. त्याच्या आधी केनेडीनं टेप केलं. त्याच्या नंतर निक्सननं तर कमाल केली. खोलीत कुणी बोललं की यंत्र आपोआप सुरू, असे सुमारे ३७०० तास. शिवाय त्या ग्रंथालयांनी मंत्री, राजदूत, सेनापती, कारकून, नोकर अशा शेकडो जणांना समोर बसवून मुलाखती घेतल्या. तू काय पाहिलंस, सांग. याला ते मौखिक इतिहास म्हणतात. आपल्याकडे याला म्हातारीची बडबड म्हणतात.

कुणी म्हणेल, अमेरिकेच्या अध्यक्षाची बडबड आपल्याला काय करायची? करायची आहे. त्यात आपला गहू आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेनं पीएल ४८० कायदा केला. जास्तीचं धान्य आपल्यासारख्या देशांना रुपयांत विकायचं. मे १९६० मध्ये मुंबईचेच स. का. पाटील अन्नमंत्री असताना चार वर्षांचा मोठा करार झाला. मग १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. तेव्हा जॉन्सननं लांबचे करार बंद केले आणि गहू महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबानं सोडायला लागला. तुमचं शेतीचं धोरण बदला, हे एक कारण. व्हिएतनामच्या लढाईवर आमच्याविरुद्ध बोलू नका, हे दुसरं. भारतात कुठं पाऊस पडला, कुठं नाही, याची माहिती हा गडी स्वतः मागवायचा. कुत्र्याचा दोर आखूड धरावा तसं ते धोरण. त्याचे कृषिमंत्री ऑर्विल फ्रीमन आणि दिल्लीतले राजदूत चेस्टर बोल्स, दोघांच्याही मुलाखती त्या ग्रंथालयात आहेत. दोर कुणी धरला, कुणाला तो पटला नाही, हे त्यांच्याच माणसांच्या तोंडून लिहिलेलं आहे.

दोराच्या दुसऱ्या टोकाला माझा आजा होता. मुंबईच्या गोदीत. बोटीच्या पोटात उतरायचं, फावड्यानं गहू गोणीत भरायचा, गोणी शिवायची, पाठीवर घ्यायची. नाकातोंडात भुसा. बोट कधी येईल ते माहीत नाही. बोट नसली की पाळी नाही, पाळी नसली की पगार नाही. वॉशिंग्टनमध्ये एक माणूस गहू या महिन्यात सोडू की पुढच्या, असा विचार करत बसला की इथं आज्याची चूल विझायची. देशाचा गहू पाठीवर वाहणारा माणूस घरी मिलोची तांबडी भाकर खायचा. हे मला बापानं सांगितलं. आज्याला मी कधी विचारलं नाही. मी शाळेत होतो, तो खाटेवर खोकत पडलेला. मग गेला. फ्रीमनसाहेबाला जे विचारायला माणूस पाठवला गेला, ते माझ्या आज्याला विचारायला घरातला नातूही गेला नाही. ही शिवी मी स्वतःला देतो. तुम्हीही आपापल्या घरात बघा.

आता निक्सन. त्याच्या टेपांनी दोन गोष्टी केल्या. १९७३ मध्ये चौकशीत टेपांचा सुगावा लागला, १९७४ च्या जुलैत तिथल्या सुप्रीम कोर्टानं त्या द्यायला लावल्या आणि ९ ऑगस्टला अध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली. एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटं फक्त खरखर आहे, कुणीतरी पुसलेलं. त्या साडेअठरा मिनिटांसाठी सगळा देश पेटला. दुसरी गोष्ट आपल्याशी लागते. ५ नोव्हेंबर १९७१ ला, इंदिरा गांधी भेटून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, निक्सन आणि किसिंजर त्यांना आणि सगळ्या भारतीयांना घाण शिव्या देत बसले होते. २००५ मध्ये ते बाहेर आलं. तोंडावर हात जोडणारे पाठीमागं काय बोलतात, ते जगाला कळलं.

आपल्याला यात नवीन काही नाही. पाठीमागं काय बोलतात ते आपल्या बापजाद्यांना तोंडावरच ऐकावं लागलं. फरक एवढाच की तिथं पुरावा उरला. निक्सन पडल्यावर, १९७८ मध्ये, अमेरिकेनं कायदा केला की अध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता नाही, देशाची आहे. आपल्याकडं गावच्या चावडीत कुणी काय म्हटलं, पाणवठ्यावर कुणाला कुणी मारलं, त्याची साडेअठरा मिनिटं कोण मोजणार? आपली दोन हजार वर्षं पुसलेली आहेत आणि टेपच नव्हती, म्हणून पुसणाराही सुटला.

तरी त्या ग्रंथालयात एक आवाज आपल्या माणसाचा आहे. झेफर राइट. जॉन्सनच्या घरची काळी स्वयंपाकीण. वॉशिंग्टनहून टेक्सासला मोटारीनं जाताना वाटेत काळ्यांना खानावळीत जेवण नाही, हॉटेलात खोली नाही, संडाससुद्धा नाही. रस्त्याकडेला झुडपाआड बसायचं. तिचं हे दुःख जॉन्सन पुढाऱ्यांना सांगायचा आणि नागरी हक्काच्या कायद्याला मतं मागायचा. १९६४ मध्ये कायदा झाला, तेव्हा सहीच्या पेनांतलं एक पेन त्यानं तिला दिलं. ठीक आहे. पण १९७४ मध्ये तिची स्वतःची मुलाखत घेतली गेली, ते मला पेनापेक्षा मोठं वाटतं. मालकानं सांगितलेली तिची गोष्ट वेगळी आणि तिनं सांगितलेली वेगळी. तरी एक काटा राहतोच. ती ज्या ग्रंथालयात आहे ते मालकाच्या नावाचं. तो अध्यक्ष झाला नसता तर स्वयंपाकिणीला विचारायला कोण आलं असतं?

म्हणून मी कोयनानगरला गेलो. कराडला एसटी बदलून, पाटण ओलांडून. आजी अजून तिथंच राहते. वय चौऱ्याऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही.

तिथं यंत्रांचा आवाज भरपूर जपलेला आहे. भूकंपाच्या पहाटे धरणाच्या पोटातल्या बोगद्यात एक यंत्र चालू होतं, त्यानं धरण कसं हादरलं ते टिपलं. ती नोंद जगभरचे इंजिनियर धरणं बांधताना वापरतात. पाणी साठवल्यानं भूकंप होतो का, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे आपली कोयना. २०१७ मध्ये गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक पाडलं, जमिनीच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला. करावं. विज्ञानाशी आमचं भांडण नाही. पण जमिनीचं ऐकायला ३ किलोमीटर खाली जाता, तर माणसाचं ऐकायला त्याच्या उंबऱ्यापर्यंत या की!

आजीसमोर मोबाइल ठेवला. म्हणाली, "यात काय बोलायचं?" म्हटलं, भूकंप सांग. मग तिनं सांगितलं, ते तिच्याच शब्दांत देतो.

"आदी आवाज आला. मला वाटलं धरानच फुटलं. पोराला उचाललं नि भायेर. आमचं घर कुडाचं, वर गवत. पडलं ते गवतच पडलं अंगावर. ज्यास्नी दगडमातीची घरं व्हती त्यांच्यावर दगुड पडलं. आमच्याकडं दगडाला पैसं न्हवतं म्हनून वाचलो बघ. समदी डोंगराकडं पळाली. धरान फुटलं, धरान फुटलं, अशी हूल. डोंगरावर दोन दिस समदी एका जाग्याला. थंडी मरनाची. पाटलाची सून माझ्या पोराला कुशीत घिऊन बसली व्हती. कोन कुनाला शिवलं म्हनून कुनी वराडलं न्हाई. तिसऱ्या दिसाला घोंगड्या नि धान्य वाटाया मान्सं आली. आन् रांगा येगळ्या झाल्या."

दोस्तांनो, धरणातलं यंत्र हे टिपू शकलं नसतं. भूकंपानं जात दोन दिवस गाडली आणि मदतीनं ती तिसऱ्या दिवशी उकरून काढली. हे भूकंपाच्या कुठल्या आलेखात बसत नाही. हे फक्त आजीकडं आहे. आणि आजीकडं आता फार दिवस नाहीत.

मग तिनं गाव सांगितलं. ते आता शिवसागराच्या पाण्याखाली आहे. महारवाडा कुठं, विहीर कुठली, मरीआईचं देऊळ कुठं, कुणाचं घर कुणाला लागून. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना जमिनीच्या बदल्यात जमीन म्हणून कागद तरी दाखवता आला. आमचं होतं ते बलुतं. बलुत्याचा सातबारा नसतो. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये आला. कोयनेचं पाणी त्याच्या किती तरी आधी चढलं होतं. लोक सातारा, सांगली, सोलापूर, कोकण असे पांगले. २०१८ मध्ये धरणग्रस्त कोयनानगरात ठिय्या देऊन बसले, तेव्हा धरणाला अर्धं शतक उलटून गेलं होतं. माझा बाप एका कचेरीत गेला होता. टेबलामागच्यानं विचारलं, "तुम्ही त्या गावचे, याला पुरावा काय?" बाप म्हणाला, "आई." तो हसला.

त्या हसण्याला उत्तर द्यायचं तर आई टेपवर पाहिजे. एक आई नव्हे, शंभर. शंभर जणींनी वेगवेगळ्या ठिकाणी तीच विहीर, तोच महारवाडा सांगितला, तर टेबलामागचा हसू शकणार नाही.

आता जरा आपल्याकडं. कडू बोलतो, राग मानू नका. बाबासाहेबांचा आवाज ऐकायचा झाला तर आपण बीबीसीनं १९५५ मध्ये घेतलेल्या मुलाखतीकडं धावतो. साहेबांच्या देशातल्या रेडिओनं तो जपला. नागपूरचं धर्मांतराचं भाषण 'प्रबुद्ध भारत'नं छापलं, म्हणून हातात राहिलं. लिहून घेणारा कुणीतरी होता म्हणून. आणि आज खिशात रेकॉर्डर असताना आपण काय टेप करतो? पुढाऱ्याचं भाषण. तेच पुढारी, तीच टाळ्यांची वाक्यं. सतरंजी घालणारा, रात्रभर पोस्टर चिकटवणारा, मोर्च्यात लाठी खाऊन दुसऱ्या दिवशी पाळीवर गेलेला, त्याला कुणी विचारत नाही. घरी भाकऱ्या थापून चळवळ जगवणारीला तर नाहीच. म्हणजे आपणही आपापल्या अध्यक्षांची ग्रंथालयं बांधतोय. स्वयंपाकीण बाहेरच.

वाट दाखवणारं काम झालेलं आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून, बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. दोन बायांनी केलं. आपण तर वस्तीवस्तीत आहोत.

तेव्हा या अंकापासून एक काम. प्रत्येकानं घरातलं, चाळीतलं एक म्हातारं माणूस धरायचं. आधी विचारायचं, टेप करू का? नाही म्हणालं तर नाही. नाव, गाव, आज तारीख काय, हे सुरुवातीला बोलून घ्यायचं. मग गप्प बसायचं. भाषा सुधारायची नाही, 'व्हतं'चं 'होतं' करायचं नाही. साल चुकलं तर मध्ये टोकायचं नाही, नंतर कागदाशी ताडून बघायचं. शिव्या कापायच्या नाहीत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे आपल्याला लाजवणारं कापायचं नाही. दारू पिऊन मारणारा आजा, मांगाला घरात न घेणारा आपलाच महारवाडा, पैसे खाल्लेला आपलाच कार्यकर्ता, सगळं राहू द्यायचं. निक्सनच्या टेपेला किंमत आली ती त्याच्या घाणीसकट राहिली म्हणून. आपणच साडेअठरा मिनिटं पुसली, तर उद्या आपल्या बाकीच्या तासांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. एक प्रत त्या माणसाच्या घरी द्यायची. एक आमच्याकडं पाठवा, मासिकात जागा देऊ.

निघताना आजीला तिचाच आवाज ऐकवला. फोन कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "ही बाई खरं बोलतिया."

जयभीम.