टक्क्यावरचा समन्वयक



शहरांच्या कारभारात एक गोड शब्द घुसला आहे. समन्वयक! कुठे त्याला सल्लागार म्हणतात, कुठे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, कुठे नुसतेच पीएमसी. जुनी बाजारपेठ पाडून नवी बांधायची, रस्ता रुंद करायचा, वस्ती हलवायची, तर हे काम नगरपालिकेने स्वतः करायचे नाही. बाहेरची एखादी कंपनी किंवा एखादा माणूस मक्त्याने नेमायचा. त्याने सरकारी खाती, बँका, बिल्डर, दुकानदार आणि झोपडीवाले यांचा मेळ घालायचा. हा माणूस सरकारी नोकर नाही, निवडून आलेलाही नाही, म्हणून तो 'स्वतंत्र'. स्वतंत्र कोणापासून, हे मात्र कोणी सांगत नाही.

खाप्याच्या बैठकीत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. शहरवाल्यांची भांडणे शहरवाल्यांनी पाहावीत. पण शहराच्या मध्यावर काय असते? बाजार असतो. त्या बाजारात विकायला माल कोणाचा येतो? आपला. शहर वाढते तेव्हा कोणाच्या वावरात वाढते? आपल्याच. नागपूरच्या कॉटन मार्केटात एके काळी कापसाच्या बंड्या उभ्या राहत. आज पहाटे तिथे भाजीचा लिलाव होतो. ती जागा मोक्याची, रेल्वे स्टेशनला लागून. अशा जागेच्या पुनर्विकासाचा आराखडा निघतो तेव्हा त्यात गाळेधारकाचे नाव असते, परवानाधारकाचे असते. पोत्यावर बसून मेथीची जुडी विकून परत जाणाऱ्या बाईचे नाव कोणत्या यादीत असते? जे यादीत नाही त्याचा समन्वय कोणी करत नाही. त्याला फक्त उठवतात.

आता समन्वयकाच्या पोटाचे पाहू. आपल्याला अडत्या माहीत आहे. अडत्याला आपण आजवर पुष्कळ शिव्या दिल्या, आणि त्या वायाही गेल्या नाहीत. 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून काढून खरेदीदारावर टाकावी लागली. तरी अडत्याच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तो मालाच्या किमतीवर टक्का घेई. संत्रा महाग विकला तर आपल्यालाही दोन पैसे जास्त, त्यालाही जास्त. त्याच्या हावरेपणाचा निदान एक धागा आपल्या फायद्याशी बांधलेला होता.

सल्लागाराचा टक्का असतो खर्चावर. अशा करारांत मोबदला बहुधा प्रकल्पाच्या किमतीच्या टक्केवारीत ठरतो. दहा कोटींची बाजारपेठ वीस कोटींची झाली की त्याचे बिल दुप्पट. दुरुस्तीने भागणारी इमारत तो दुरुस्त करा म्हणून कशाला सांगेल? ओटे बांधून, पाणी आणि सावली देऊन भागणाऱ्या बाजाराला तो तीन मजले आणि खाली पार्किंग सांगणार. गुरांच्या डॉक्टरला बैलाच्या वजनावर फी द्यायची नसते, हे आपल्याकडे पोरालाही कळते. मंत्रालयात कळत नाही.

या टक्केवारीला वंश आहे. 1867 साली मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली. त्याच साली खाप्याला नगरपालिका आली. ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी कंपनीला इंग्रज सरकारने गुंतवलेल्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी दिली होती. नफा होवो की तोटा, 5 टक्के ठरलेले. कमी पडले तर सरकारी तिजोरी भरून देणार. जितका पैसा ओतला तितकी हमी वाढणार, मग काटकसर कोण करतो? तिजोरीत पैसा कोठून येई? मुख्यतः शेतसाऱ्यातून. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मँचेस्टरला नेण्याचा खर्च कापूस पिकवणाऱ्यानेच भरला. साहेब गेला, हमी राहिली.

आता आपल्याच राज्यातले उदाहरण. मुंबईची धारावी घ्या. गुजरातेतून आलेले कुंभार, तमिळनाडूतून आलेले चामड्याचे कारागीर, आपल्या मराठी मुलखातून दुष्काळात पोटामागे गेलेली माणसे. शेतीत भागले असते तर यातले किती जण त्या चिखलात राहायला गेले असते? ती जमीन आता मुंबईच्या मध्यावर आली आणि सोन्याची झाली. 2004 साली राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासाची योजना मंजूर केली. योजनेची कल्पना ज्यांनी मांडली ते वास्तुविशारद मुकेश मेहता. सरकारने त्यांनाच प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमले. म्हणजे औषध ज्याने सुचवले, तोच आता रोग्याला ते द्यावे की नाही हे सांगणार. आम्ही त्या माणसाच्या हेतूबद्दल बोलत नाही. हेतू चांगलाच असेल. आमचा आक्षेप मांडणीला आहे. 2007 मध्ये पाच भाग पाडून निविदा मागवल्या. पुढे सरकारनेच तज्ज्ञांची समिती बसवली, राज्याचे माजी मुख्य सचिव द. म. सुखटणकर तिचे अध्यक्ष. 2009 मध्ये या समितीने मुख्यमंत्र्यांना उघड पत्र लिहिले. त्याचा भावार्थ असा की हा पुनर्विकास नव्हे, सफाईदारपणे जमीन लाटण्याचा प्रकार आहे. 2011 मध्ये निविदा गुंडाळल्या, त्याच सुमारास सल्लागाराचाही करार संपवला. सात वर्षांत त्या योजनेतून धारावीकरांना एक खोली मिळाली नाही.

सात वर्षांच्या या घोटाळ्याला जबाबदार कोण? सल्लागार म्हणेल, मी फक्त सल्ला दिला. मंत्री म्हणतील, आम्ही सल्ला ऐकला. अधिकारी म्हणतील, आमची बदली झाली. समन्वयक नेमण्याचा खरा उपयोग हा आहे. कामाचा मेळ बसो न बसो, जबाबदारी मात्र अशी वाटली जाते की कोणाच्याच हाती सापडत नाही. पुढे 2018 ची निविदा 2020 मध्ये रद्द झाली, आणि 2022 मध्ये अदानी समूहाने 5,069 कोटींची बोली लावून काम घेतले. आता कंपनी काढली आहे. 80 टक्के त्यांची, 20 टक्के सरकारची.

मुंबई दूर आहे म्हणता? मग नागपूरला या.

नागपूरच्या सभोवतालच्या महानगर क्षेत्राचा आराखडा नागपूर सुधार प्रन्यासाने हॅलक्रो या मूळच्या इंग्रजी कंपनीच्या सल्लागारांकडून करवून घेतला. क्षेत्र साडेतीन हजार चौरस किलोमीटरहून मोठे, गावे सातशेच्या वर. आपल्या सावनेर तालुक्याचाही एक भाग त्यात आहे. फेब्रुवारी 2015 मध्ये प्रारूप जाहीर झाले तेव्हा कित्येक शेतकऱ्यांना आपल्या वावरावर काय आरक्षण पडले हे नकाशात पाहून कळले. हजारो हरकती गेल्या, लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी 2018 मध्ये शासनाने आराखडा मंजूर केला. नकाशा काढणाऱ्याला संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात हे माहीत असण्याचे कारण नाही. त्याच्या कागदावर ते हिरवे ठिपके असतात आणि रंग बदलायला एक पेन्सिल पुरते.

त्यापाठोपाठ स्मार्ट सिटी आली. सप्टेंबर 2016 मध्ये नागपूरची निवड झाली. या योजनेची अट अशी की महापालिकेने कामे स्वतः करायची नाहीत, कंपनी कायद्याखाली वेगळी कंपनी काढायची. प्रस्ताव लिहायलाही सल्लागार, अंमल करायलाही सल्लागार. नागपूरच्या कंपनीने पारडी, भरतवाडा, पुनापूर, भांडेवाडी या पूर्वेकडच्या भागातली 1,730 एकर जागा निवडली. नगररचना योजना लावली. जमीन एकत्र करायची, 40 टक्के रस्त्यांसाठी आणि इतर कामांसाठी काढून घ्यायची, 60 टक्के मालकाला परत. ही पद्धत मुळात वाईट नाही. 1915 च्या मुंबई कायद्यापासून ती चालत आली आहे, आणि रोख मोबदला घेऊन देशोधडीला लागण्यापेक्षा बरी आहे. पण 40 टक्के गेल्यावर उरलेल्या 60 टक्क्यांचा भाव तेव्हाच वाढतो जेव्हा रस्ता, नळ, गटार वेळेवर येतात. जमीन देणाऱ्याने जमीन दिली. वेळ पाळण्याचे बंधन कोणावर? केंद्राने या योजनेची मुदत 2020 ची 2023 केली, मग 2024, शेवटी 31 मार्च 2025 ला दुकान बंद. आपले पीककर्ज एक हप्ता चुकले तर बँक दारात नोटीस लावते. यांना पाच वर्षे वाढवून मिळाली.

लोकांनी निवडून दिलेल्यांना निदान जाब विचारता येतो, म्हणावे, तर तेही नव्हते. मार्च 2022 मध्ये नागपूर महापालिकेची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकाने कारभार केला. वर प्रशासक, खाली सल्लागार, मध्ये कोणी नाही.

इथे आमच्यातलेच काही जण विचारतील, की आपण तर सरकारी मक्तेदारीच्या विरोधात बोलतो. मग खाजगी माणूस काम करतो तर पोट का दुखते? पोट दुखत नाही. खाजगी माणसाने स्वतःचा पैसा घालून, स्वतःची जोखीम घेऊन, राजी असणाऱ्याकडून जमीन विकत घेऊन बाजार बांधावा. आम्ही त्याला हार घालू. पण इथे पैसा करदात्याचा, जमीन आपली, उठवायला पोलीस सरकारचे, आणि टक्का तेवढा खाजगी. याला खुला बाजार म्हणत नाहीत. लायसन्स-परमिटच्या राज्यात बाबू खिडकीआड बसत असे, आता त्याने खिडकीच भाड्याने दिली आहे, एवढाच फरक.

आणि जमीनवाल्यांनी स्वतः समन्वय केला तर काय होते? पुण्याजवळ हडपसरला मगरपट्टा आहे. शंभराहून जास्त शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, सतीश मगर यांच्या पुढाकाराने कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. नगर उभे राहिले, आणि ऊस लावणारे त्याचे मालक राहिले. तिथेही वास्तुविशारद होते, इंजिनिअर होते, सल्लागार होते. फरक एवढाच की सल्लागाराला पगार देणारा आणि जमीन देणारा एकच होता. काम बिघडले तर सल्लागाराला घरी पाठवायचा अधिकारही त्याचाच. पुण्याची जमीन, पुण्याचा भाव, सगळीकडे तसे होणार नाही हे आम्हाला समजते. पण 'शेतकऱ्याला हे जमत नाही' असे सांगणाऱ्याच्या तोंडावर मारायला ते पुरेसे आहे.

आता खाप्याकडे येऊ. कन्हानच्या काठावरचे हे गाव, एके काळी हातमागाने नावारूपाला आलेले. नगरपालिका दीडशे वर्षांहून जुनी, पण छोट्या नगरपालिकेत इंजिनिअर किती आणि नगररचना समजणारे किती, हे सर्वांना ठाऊक आहे. नगरोत्थानसारख्या योजनेतून पैसा मागायचा तर आधी सविस्तर प्रकल्प अहवाल द्यावा लागतो. तो लिहायला माणूस नाही, म्हणून सल्लागार येतो. एकदा तो आला की गावाला काय हवे हे ठरत नाही, कोणत्या योजनेत पैसा शिल्लक आहे हे ठरते, आणि गाव त्या मापाचे कापले जाते. एका गावच्या अहवालात दुसऱ्या गावचे नाव तसेच राहून गेल्याचे किस्से सगळीकडे ऐकू येतात. हसण्यासारखे आहे, पण त्याच अहवालावर आपला आठवडी बाजार उठतो किंवा बसतो.

तेव्हा आमचे मागणे असे. कोणत्याही नगरपालिकेने बाजारपेठेच्या किंवा वस्तीच्या पुनर्विकासासाठी बाहेरचा माणूस नेमला तर त्याचा मोबदला खर्चाच्या टक्क्यावर नसावा. ठरलेल्या कामाचे ठरलेले दाम, आणि निम्मे पैसे काम पुरे झाल्यावर. कराराची मराठी प्रत नगरपालिकेच्या फळ्यावर लागली पाहिजे, सभागृहात वाचली गेली पाहिजे. ज्याने अहवाल लिहिला त्यालाच त्या कामाची देखरेख देऊ नये. आठवडी बाजारात माल घेऊन येणाऱ्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांची आणि भाजीवाल्या बायांची नोंद व्हावी. 2014 च्या फेरीवाला कायद्याने नगर विक्रेता समितीत 40 टक्के जागा विक्रेत्यांना दिल्या आहेत, त्या समितीत आठवड्यातून एकदा बसणाऱ्यालाही आवाज हवा. आणि नवा बाजार पुरा होईपर्यंत जुन्या बाजाराची एक फूट जागा कोणी रिकामी करू नये.

हे मागून मिळणार नाही, कागद हाती असेल तरच मिळेल. आपापल्या नगरपालिकेत गेल्या दहा वर्षांत कोणकोणते सल्लागार नेमले, कशासाठी, किती मोबदल्यावर, आणि त्यांच्या अहवालांपैकी किती कामे उभी राहिली, एवढी चारच माहिती मागायची आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना बैठकीत वाटला जाईल. 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायचे, पोच घ्यायची आणि पोचेची झेरॉक्स तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे द्यायची. नगरपालिकेने उत्तर द्यायची मुदत 30 दिवसांची आहे. खापा, मोवाड, मोहपा, कळमेश्वर, सावनेर, काटोल, नरखेड, सगळीकडचे अर्ज एकाच आठवड्यात पडले पाहिजेत. उत्तरे घेऊन पुढच्या जिल्हा बैठकीला या. येताना घरच्या बायांना बरोबर आणा, बाजारात बसतात त्या.