पडदा काढला तरी उरणारे सूर

भूमिका वठवायच्या व्हिडिओ गेममधले संगीत वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायचे आणि त्याचे अल्बम काढायचे, हा निव्वळ धंदा आहे, असा आक्षेप घेतला जातो. पडदा काढला की त्या सुरांत उरते काय?

महाराष्ट्राने तरी हा प्रश्न विचारू नये. संगीत नाटक 'मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आले. गोविंदराव टेंबे यांनी बांधलेल्या त्यातल्या चाली मैफलीत रंगतात, तेव्हा गाणाऱ्याला आधी कथानक सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप असा की, मूळ चालीच यंत्राच्या टूंटूंच्या. कोइचि सुगियामा यांनी १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाला संगीत दिले, तेव्हा फॅमिकॉम यंत्रात सुरावटीसाठी जेमतेम तीन वाहिन्या होत्या. चाल अस्सल नसती, तर एवढ्यावर ती तगलीच नसती. त्याच वर्षी ती वाद्यवृंदात ध्वनिमुद्रित झाली. नोबुओ उएमात्सु यांचे 'फायनल फँटसी ६' (१९९४) तर याहून बोलके. त्यात चक्क एक ऑपेरा आहे. नायिका रंगमंचावर गाते आणि पुढची योग्य ओळ खेळणाऱ्याने निवडायची. पण हा खेळ ज्या यंत्रावर चाले, त्याच्या ध्वनिस्मृतीत जागा अवघी ६४ किलोबाइट, त्यामुळे शब्द पडद्यावर उमटत आणि गळा कृत्रिम असे. त्याच वर्षीच्या 'ग्रँड फिनाले' अल्बममध्ये नायिकेचे हे गाणे खऱ्या गायिकेने गायले. याला निव्वळ धंदा कसे म्हणायचे? संगीतकाराच्या मनातले गाणे तिथे पहिल्यांदा पुरते ऐकू आले.

खरा दोष निराळाच आहे. खेळात चाल फिरून फिरून वाजते; आळशी संयोजक तीच आवर्तने व्हायोलिनवर चढवतो, तिला ना चढ देतो ना शेवट. असे अल्बम जरूर नाकारावेत.

आता राहिला 'हे सगळे परदेशातले, आपल्या परभणीला याचे काय?' हा सवाल. गोंधळी राजाराम कदम याच परभणीचे. संबळ, तुणतुणे आणि झांजेच्या साथीने गोंधळातला नायक एकटाच आख्यानातली पात्रे उभी करतो, म्हणजे भूमिका वठवण्याचा खेळ इथे मुरलेलाच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी' हा खेळ २०२० साली आणला. तो साहसाच्या वळणाचा, भारतीय पुराणकथांवर बेतलेला. संगीत मात्र ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचे. परक्या संगीतकाराला हरकत नाही. पण पुढचा मराठी खेळ गोंधळावर उभा राहावा, वाद्यवृंदात संबळाला आघाडीची जागा मिळावी, अल्बमवर गोंधळ्याचे नाव संगीतकाराच्या बरोबरीने छापावे आणि विक्रीतला वाटा करारातच लिहून द्यावा.