भीमाकाठच्या मुलांना ब्रेस्टस्ट्रोक शिकवा

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये वसूनही करमाळा तालुका पिढ्यानपिढ्या अवर्षणप्रवण म्हणूनच सरकारी दफ्तरांत नोंदला गेला. परंतु 1980 साली उजनीचे धरण पूर्ण झाले, आणि एके काळी उन्हाळ्यात पायी ओलांडता येणाऱ्या भीमेच्या जागी पैलतीर धूसर दिसावा असा अफाट जलाशय पसरला. पाणी आले, ऊस आला, सुबत्ता आली. मात्र त्या पाण्यात निभावण्याची विद्या मुलांना देण्याची तजवीज कोणत्याच खात्याने केली नाही. 21 मे 2024 रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले, आणि एक जण तेवढा पोहून काठास लागला.

प्रत्येक उतारूच्या अंगावर लाइफ जॅकेट असणे ही पहिली निकड आहे, आणि कितीही तरबेज पोहणारा असला तरी लाटांपुढे त्याची शक्ती मर्यादित आहे, हे मान्य करूनच मी म्हणतो की, काठावरच्या शाळांत पोहणे शिकवावे आणि त्याचा आरंभ ब्रेस्टस्ट्रोकपासून करावा. शर्यतीच्या चार प्रकारांत हा सर्वांत मंद. परंतु दोन्ही हात एकदम छातीसमोरून बाहेर फाकवावेत, बेडकाप्रमाणे दोन्ही पाय एकदम झाडावेत आणि मग देह सरळ करून क्षणभर नुसते घसरत जावे, या क्रमात प्रत्येक हाताला श्वास मिळतो, समोरचा काठ दृष्टीस पडतो आणि दमलेल्या स्नायूंना विसावाही लाभतो. 1875 साली कॅप्टन मॅथ्यू वेब याने इंग्लिश खाडी सुमारे बावीस तासांत पार केली, ती याच पद्धतीने.

आमची मुले पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत शिकतात. धीटपणा येतो, पण डोके ताठ ठेवून हात आपटत राहण्याची सवयही जडते, आणि दम लवकर तुटतो. उजनीचा गाळाचा काठ नवशिक्यांच्या कामाचा नाही, आणि प्लास्टिक अंथरलेले शेततळे तर त्याहून घातक, कारण त्याच्या निसरड्या उतारावरून धडधाकट माणसालाही वर चढता येत नाही. तेव्हा जिल्हा परिषदेने पायऱ्यांची, बेताच्या पाण्याची एखादी विहीर दुरुस्त करून घ्यावी, काठाला दोर बांधावेत, जाणता शिक्षक नेमावा. आणि विहिरीवर आजवर मुलांचीच वहिवाट राहिली असल्यामुळे मुलींसाठी स्वतंत्र वेळ व स्त्री-शिक्षिका यांची तरतूद त्याच हुकुमात करावी, कारण बोटीत आयाबहिणीही बसतात.