घरच्या घरी : जुन्या चामडी पर्सची निगा

आश्विनातले ऊन पडू लागले की घरोघरी ट्रंका उघडतात. गोधड्या, शालू, पुस्तके गच्चीत येतात आणि त्यांच्याबरोबर बहुधा एखादी जुनी चामड्याची पर्सही बाहेर निघते. कोणाची ती सासूबाईंची असते, कोणाची आत्याची. कोणी ती जुन्या बाजारातून थोडक्या पैशांत आणलेली असते. अलीकडे तर मुली अशी जुनी पर्स मुद्दाम शोधून घेतात. तिचे चामडे जाड असते आणि शिवण घट्ट असते, असे त्यांचे म्हणणे. ते पुष्कळदा खरेही असते. पण ही पर्स हाती येते ती पांढरी बुरशी अंगावर घेऊन. कड्या हिरव्या पडलेल्या असतात, आत कोंदट वास भरलेला असतो. मग आपला हात आपोआप ओल्या फडक्याकडे, साबणाकडे नाही तर खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. वाचकहो, तो हात थोडा वेळ आवरावा, एवढ्यासाठी हे टिपण.

मला तो आवरता आला नव्हता. माझ्या वडिलांची बदली काही वर्षे कलकत्त्यास होती. त्या काळात, १९७४ साली, आम्ही शांतिनिकेतन पाहावयास गेलो असता आईने तेथे एक पर्स घेतली. श्रीनिकेतनची स्थापना १९२२ साली झाली. रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ व स्नुषा प्रतिमादेवी यांनी त्या परिसरात चर्मकला रुजविली. बकऱ्याच्या वा मेंढीच्या पातळ चामड्यावर ठशांनी नक्षी उठवावयाची आणि तीत ब्रशाने रंग भरावयाचे, अशी ही रीत. आईच्या पर्सवर तांबड्या-हिरव्या वेलींची नक्षी होती. झाकणाच्या आतल्या बाजूस तिने शाईने आपले नाव आणि कलकत्त्याचा पत्ता लिहून ठेवला होता, पर्स ट्राममध्ये विसरली तर परत मिळावी म्हणून.

आई गेल्यानंतर दोन पावसाळे ती ट्रंकेत राहिली. उघडली तेव्हा बुरशीने भरली होती. बुटांवरची बुरशी स्पिरिटने जाते हे मला ठाऊक होते. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पर्स आतून-बाहेरून पुसावयास घेतली. पहिल्या बोळ्यास तांबडा रंग लागला, तो मी मळ समजले. दुसऱ्यास हिरवा लागला. चौथा बोळा निळा झाला तेव्हा माझ्या ध्यानात आले की, आईचे नाव मी पुसून टाकले आहे. पुढे गेलेली कळा परत आणावी म्हणून वर खोबरेल तेल चोळले. एक दिवस पर्स तजेलदार दिसली. मग ती काळपटली आणि थंडीत तिच्यावर पांढरट थर धरला. तो बुरशीचा नव्हता. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली गोठते, ते चामड्यातही गोठते, एवढी साधी गोष्ट मी विसरले होते.

या फजितीतून शिकले ते असे की, पर्स स्वच्छ करण्यापूर्वी ती कोणत्या चामड्याची आहे हे ओळखावे. यासाठी दहा मिनिटे पुरतात.

चामडे कमावण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली वनस्पतींची. हिरडा, बाभळीची साल, तरवडाची साल यांतील तुरट द्रव्य कातड्यात मुरवून ते टिकाऊ करावयाचे. आपल्याकडे ही विद्या फार जुनी आहे. दक्षिणेत तिरुचिरापल्ली, दिंडीगुल या भागांत तरवडाच्या सालीने कमावलेली कातडी परदेशीही जात. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्य देशांत पुढे आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आली. पट्ट्याची कापलेली कड भिंगाखाली पाहावी. आतपर्यंत तपकिरी असेल तर चामडे बहुधा वनस्पतींनी कमावलेले. मधला गाभा निळसर-करडा असेल तर क्रोमचे. मग पट्ट्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब बोटाने ठेवावा. थेंब तसाच राहिला तर वर रंगाचा जाड लेप आहे आणि ओलसर फडके त्यास सोसेल. थेंब लगेच आत मुरून डाग पडला तर ते चामडे उघडे आहे. त्याला पाणीही बेतानेच दाखवावे. त्याच जागी पांढरे फडके किंचित ओले करून दाबावे व रंग लागतो का ते पाहावे. शांतिनिकेतनच्या पर्सच्या बाबतीत ही परीक्षा मी केली असती, तर पुढचा अनर्थ टळला असता.

कडेस चामड्याचे तंतू न दिसता विणलेले कापड दिसले, तर ते रेक्झिन किंवा तत्सम कृत्रिम चामडे होय. त्याचे पापुद्रे सुटू लागले असतील तर कोणताही उपाय चालत नाही. हवेतील दमटपणानेच तो लेप आतून विघटित होत असतो. अशी पर्स विकत घेऊ नये.

विकत घेण्याचाच विषय निघाला म्हणून आणखी दोन गोष्टी सांगते. पर्स हातात घेऊन घडीच्या जागी बोट फिरवावे. बोटास विटकरी रंगाची भुकटी लागली तर ती जागेवरच ठेवून द्यावी. वनस्पतींनी कमावलेले जुने चामडे हवेतील गंधकयुक्त धुराने असे कुजते. त्याचे तंतूच तुटलेले असतात. त्यावर पाणी वा तेल घातले की ते काळे व कडक होते. घरगुती उपायांनी ते पूर्ववत होत नाही. दुसरी गोष्ट कायद्याची. मगर, अजगर यांच्या कातड्याच्या जुन्या पर्स अजूनही कोठे कोठे पुढे केल्या जातात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये या वस्तूंचा व्यापार निषिद्ध आहे. वस्तू जुनी आहे हे समर्थन चालत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पर्स प्रथम रिकामी करावी. कोपऱ्यांतील चिठ्ठ्या, तिकिटे, वाण्याच्या याद्या केराबरोबर टाकू नयेत. त्या वेगळ्या पाकिटात ठेवून मग सवडीने पाहाव्यात. बुरशी असेल तर काम घराबाहेर करावे, नाकातोंडावर रुमाल बांधावा आणि कोरड्या मऊ ब्रशाने ती झटकावी. ओले फडके आधी लावले तर बुरशीची बीजे चामड्याच्या रंध्रांत चोळली जातात. झटकल्यावर पर्स उघडून सावलीत, वाऱ्यावर ठेवावी. कोवळ्या उन्हात अर्धा तास चालेल. दुपारच्या उन्हात ठेवू नये. केस वाळविण्याचे यंत्र किंवा इस्त्री यांचा विचारही करू नये, कारण ओलसर चामडे उष्णतेने आकसते आणि आकसलेले पुन्हा पसरत नाही. कोंदट वासासाठी मलमलीच्या पुरचुंडीत लोणारी कोळसा बांधून पर्समध्ये ठेवावा आणि ती एका डब्यात झाकून आठ-पंधरा दिवस विसरून जावी. अत्तर शिंपडण्याचा मोह होतो. त्याने दोन वास होतात, एवढेच.

अस्तर बाहेर ओढता येत असेल तर ओढून ब्रशाने झाडावे. आतल्या आत धुऊ नये. पाणी मागील बाजूने चामड्यात उतरते व बाहेर डागांचे वर्तुळ उमटते.

बाहेरचा मळ काढण्यास घट्ट पिळलेले सुती फडके बहुतेक वेळा पुरते. एकाच जागी घासण्याऐवजी एक अख्खी बाजू एका वेळी पुसावी, म्हणजे ओलाव्याची रेघ उमटत नाही. कपडे धुण्याचा साबण व सोडा यांस मात्र बंदी असावी. कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते आणि साबण क्षारधर्मी; या दोहोंचे पटत नाही आणि चामडे ताठर होते. फारच मळ असेल तर खोगिरासाठी बनविलेल्या साबणाचा नुसता फेस घ्यावा व लगेच पुसून टाकावा. पर्स दोन दिवस वाळू द्यावी. घाई येथेच नडते.

पूर्ण वाळल्यावर बिनरंगी लेदर क्रीम वाटाण्याएवढे घेऊन फडक्याने पातळ पसरावे, तासाभराने कोरड्या फडक्याने पुसावे. चामडे तेवढ्यानेही तहानलेले दिसले तर आठवड्याने पुन्हा लावावे. रंगीत बूटपॉलिश पर्सला लावू नये. ते पातळावर उतरते. मखमली पोताच्या चामड्यास, ज्यास सुएड म्हणतात, क्रीमही वर्ज्य. तेथे ब्रश आणि पेन्सिलीचा स्वच्छ खोडरबर एवढीच साधने.

पितळी कड्यांभोवती जो हिरवा मेणचट कळंक येतो, तो चामड्यातील स्निग्धांश व तांबे यांच्या संयोगाने होतो. म्हणजे आपण जितके अधिक तेल पाजू तितका तो अधिक वाढतो. तो बांबूच्या काडीने खरवडून कोरड्या फडक्याने पुसावा. चिंच लावून पितळ उजळण्याची आपली सवय भांड्यांपुरती ठेवावी. तो रस टाक्यांत उतरला की चामडे आणि दोरा दोन्ही खातो.

डागांविषयी थोडे. तेलाच्या ताज्या डागावर मुलतानी मातीची कोरडी पूड रात्रभर ठेवून सकाळी झटकावी. पुष्कळसे तेल ती शोषून घेते. शाईच्या डागास हात लावू नये, तो पसरतो. लोखंडी बकलाशेजारी निळे-काळे डाग पडले असतील तर तीही एक प्रकारची शाईच असते. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई करीत हे वडीलधाऱ्यांस आठवत असेल. चामड्यातील हिरडा, बकलाचा गंज आणि पावसाळी ओल मिळून तेच घडते. ते डाग जाणार नाहीत. मला तर ते फारसे खटकतही नाहीत.

शिवण उसवली असेल तर घरी सुईदोरा घेण्याऐवजी चर्मकाराकडे जावे. आमच्या कोपऱ्यावरच्या दादांना मी एकदा पट्टा यंत्रावर मारून द्या म्हटले, तेव्हा त्यांनी पट्टा उजेडाकडे धरून मला दाखविला. ‘ताई, जुनी भोकं आहेत तशी दिसताहेत ना? यंत्र मधे मधे नवी भोकं पाडील. मग तिकिटाच्या कडेसारखं फाटेल.’ त्यांनी मेण लावलेला दोरा घेतला, आरीने जुनीच भोके मोकळी केली आणि दोन्ही बाजूंनी सुया घालून हाताने टाके घातले. या कामास वेळ लागतो व त्याचे पैसेही अधिक पडतात. ते खळखळ न करता द्यावेत. चिकटविण्याचे ‘सोल्युशन’ लावतो असे कोणी म्हटले तर मात्र नको म्हणावे. पुढे कोणाला ती जागा उसवून नीट करावयाची झाली तर ते निघत नाही.

ठेवण्याची रीत प्रदेशाप्रमाणे बदलते. मुंबई, कोकण, गोवे येथे पावसाळ्यात हवेतील आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहते आणि बुरशीस तेवढे पुरते. तेथे पर्स बंद ट्रंकेत ठेवण्यापेक्षा वारा लागेल अशा फळीवर ठेवावी व आठवड्यातून एकदा उघडावी. नागपूर, इंदूर, दिल्लीकडील वाचकांचा शत्रू वैशाखातील कोरडी हवा; तेथे उन्हाळ्यापूर्वी एकदा क्रीमचा हात फिरवावा आणि पर्स कूलरच्या वाऱ्यासमोर वा खिडकीतल्या उन्हात ठेवू नये. प्लास्टिकची पिशवी मात्र कोठेच नको. आत जुन्या मलमलीचा बोळा भरावा, म्हणजे आकार राहतो. वर्तमानपत्राची शाई अस्तरास लागते.

आईची पर्स आता माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. तेलाचा काळा डाग तसाच आहे. तो उजळावयाच्या खटपटीत मी पडले नाही. झाकणाच्या आत, तिरप्या उजेडात धरले तर, टाकाच्या दाबाने पत्त्याची एक ओळ अजून अस्पष्ट उमटलेली दिसते. यंदा पावसाळ्यानंतर पर्स उघडली तेव्हा बुरशी नव्हती. आतला मलमलीचा बोळा तेवढा बदलला.