उड्डाणाची हौस आणि सैन्याची चाकरी

बारावीच्या परीक्षेचा निकाल हाती पडला, की मध्यमवर्गीय मराठी घरांत जे अनेक हिशेब मांडले जातात, त्यांत अलीकडे एका नव्या हिशेबाची भर पडली आहे. मुलाला किंवा मुलीला वैमानिक व्हावयाचे आहे. खासगी संस्थेत ते शिक्षण घ्यावयाचे तर खर्च अर्धा कोटी रुपयांच्या घरात, किंबहुना त्याहूनही पुढे जातो, आणि हेलिकॉप्टरचा परवाना हवा असेल तर एकेका तासाच्या उड्डाणाचे दर ऐकूनच वडिलांचे अवसान गळते. उलट सैन्यात प्रवेश मिळाला तर तेच शिक्षण सरकार एक पैसाही न घेता देते, वर पगार देते आणि समाजात मानही मिळतो. मग सैन्यात का जाऊ नये? अंकगणिताच्या दृष्टीने या युक्तिवादात चूक काढता येत नाही. माझा आक्षेप अंकगणिताला नाही. सैन्य ही उड्डाण शिकविणारी धर्मार्थ पाठशाळा आहे, या त्यामागच्या समजुतीला आहे.

वस्तुस्थिती अशी, की सैन्यात कोणीही केवळ हेलिकॉप्टर चालविण्यासाठी भरती होत नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून तीन वर्षांचे शिक्षण पुरे करून हवाई दलाचा छात्र हैदराबादजवळच्या दुंडिगल येथे जातो, तेथे प्रथम साध्या शिकाऊ विमानावर हात बसवितो, आणि त्यानंतर लढाऊ, मालवाहू की हेलिकॉप्टर, यांपैकी कोणत्या शाखेत त्याची रवानगी व्हावयाची हे त्याची कुवत व दलाची निकड पाहून वरिष्ठ ठरवितात. त्याची पसंती विचारली जाते, पण ती बंधनकारक नसते. लढाऊ विमानाच्या स्वप्नात रमलेला तरुण हकीमपेठच्या हेलिकॉप्टर प्रशिक्षणशाळेत पोहोचला, म्हणजे आपल्याला दुय्यम वर्गात बसविले असे त्याला काही दिवस वाटते. नौदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक तमिळनाडूतील अरक्कोणम येथे घडतात. भूदलाची हवाई शाखा 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्वतंत्र झाली. तत्पूर्वी हे काम तोफखान्याच्या निरीक्षक वैमानिकांकडे असे. आज या शाखेचे वैमानिक नाशिक रोडच्या गांधीनगर तळावर शिकतात. परंतु तेथे पाऊल टाकण्यापूर्वी मनुष्याला आधी सैन्याचा अधिकारी व्हावे लागते, आणि तोफखाना, पायदळ अथवा अन्य दलात सेवा करून मग या शाखेकडे वळावयाचे, असाच दीर्घकाळचा शिरस्ता आहे. हवाई दलाची वैमानिक-अभियोग्यता चाचणी तर आयुष्यात एकदाच देता येते. त्या दिवशी नापास झालेल्याचा अर्ज त्या शाखेकरिता पुन्हा विचारात घेतला जात नाही. तेव्हा ज्याला केवळ हेलिकॉप्टरच हवे आहे, तो एका फार अरुंद दारासमोर उभा आहे, याची जाणीव त्याला कोणीतरी करून दिली पाहिजे.

या यंत्राचा स्वभावही हुकूम ऐकणारा नव्हे. विमान एकदा नीट उडू लागले, की क्षणभर हात सैल सोडला तरी ते आपली वाट धरून राहते. हेलिकॉप्टरला ही सवलत ठाऊक नाही. डाव्या हातातील दांडा वर उचलावा तर पात्यांचा कोन वाढून यंत्र चढू लागते, पण त्याबरोबर त्याचे तोंडही एका बाजूस वळू पाहते. ते सावरण्यासाठी पायाने पेडल दाबून शेपटीच्या पंख्याचा जोर बदलावा, तर इंजिनाच्या शक्तीचा वाटा हलून उंचीत फरक पडतो. आणि एवढे होईतो उजव्या हातातील दांड्याकडे दुर्लक्ष झाले असेल, तर सारे धूड भलत्याच दिशेने सरकू लागलेले असते. जमिनीपासून हातभर उंचीवर एका जागी स्थिर राहणे ही पाहणाऱ्याला अत्यंत सोपी भासणारी गोष्ट नवशिक्याला पहिले कित्येक दिवस साधत नाही. इंजिन बंद पडले तर खालून येणाऱ्या हवेच्या झोतावर पाती फिरती ठेवून उतरण्याची एक विद्या आहे, आणि तिचा सराव वैमानिकाकडून वारंवार करवून घेतला जातो; कारण त्या प्रसंगी विचार करण्यास जो अवकाश मिळतो तो काही क्षणांचाच असतो.

मग एवढे कष्ट करून हाती काय येते? चित्रपटांतील पराक्रम क्वचितच. बहुधा हमाली, पण अशी हमाली की जिच्यावर इतरांचे प्राण अवलंबून असतात. 13 एप्रिल 1984 रोजी सियाचीनच्या मोहिमेत कॅप्टन संजय कुलकर्णी यांची कुमाऊँ रेजिमेंटची तुकडी बिलाफोंड ला येथे उतरविली, ती चीता हेलिकॉप्टरांनी. तेव्हापासून त्या हिमनदीवरील चौक्यांचा प्राण या लहानशा यंत्रात गुंतलेला आहे. तेथील विरळ हवेत इंजिनाची शक्ती क्षीण होते आणि पात्यांना उचल मिळत नाही. म्हणून वैमानिक किती वजन न्यावयाचे याचा हिशेब किलोकिलोने करतो, आणि सर्वांत उंच चौक्यांकडे एका खेपेत कधी कधी रॉकेलच्या एका डब्याइतकेच ओझे घेऊन जातो. परतीच्या वाटेवर त्याच यंत्रात हिमदंशाने पाय काळे पडलेला एखादा जवान असतो. 2013 च्या जून महिन्यात केदारनाथच्या प्रलयातून यात्रेकरूंना बाहेर काढीत असता 25 तारखेस हवाई दलाचे एक एमआय-17 हेलिकॉप्टर कोसळले व त्यातील वीसही जण प्राणास मुकले; त्यानंतरही बचावाच्या खेपा चालूच राहिल्या. सांगली-कोल्हापूरकरांना 2019 च्या महापुरात डोक्यावरचा तो घरघराट किती हवाहवासा वाटला होता, हे मी सांगावयास नको.

येथे सरकारलाही दोन शब्द ऐकविणे प्राप्त आहे. आपण तरुणांकडून निष्ठेची अपेक्षा करतो, आणि त्यांच्या हाती देतो ती चेतक व चीता ही हेलिकॉप्टरे, ज्यांचा मूळ फ्रेंच आराखडा 1950 आणि 1960 च्या दशकांतील आहे. यंत्रे नेक आहेत, त्यांनी सेवा अलौकिक केली आहे. पण तीन पिढ्यांनी एकाच सांगाड्यावर भिस्त ठेवावी, ही काही अभिमानाची बाब नव्हे. त्यांची जागा घेण्यासाठी देशात बनविलेल्या हलक्या हेलिकॉप्टरचे पहिले उड्डाण 2016 साली झाले, तुमकुरूच्या कारखान्याचे उद्घाटनही 2023 साली थाटाने पार पडले. तथापि दफ्तरी दिरंगाईची किंमत मंत्रालयातील टेबलाला द्यावी लागत नाही, ती डोंगरकपारीत द्यावी लागते.

मुलींचा प्रश्न आता प्रश्न राहिलेला नाही. 2022 च्या मे महिन्यात कॅप्टन अभिलाषा बराक नाशिकच्याच तळावरून भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या, आणि त्याच वर्षी प्रबोधिनीची दारेही मुलींना उघडली. सैन्यातील अधिकाऱ्यांत मराठी टक्का वाढावा म्हणून राज्य सरकारने 1977 साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था काढली. तिचा लाभ घेणारी घरे अद्यापि मोजकीच आहेत, हे मात्र खेदाने नमूद करावे लागते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हवाई दलातील वैमानिकाची अल्पमुदतीची सेवा चौदा वर्षांची असते. तिच्या अखेरीस उपदानाची रक्कम मिळते, निवृत्तिवेतन मिळत नाही. त्या चौदा वर्षांत बदली कोठे व्हावी, सण कोठे साजरा करावा, रजा केव्हा मिळावी, हे दुसऱ्याच्या हुकुमाने ठरते. शिवाय एखाद्या वैद्यकीय तपासणीत कानात वा डोळ्यांत दोष निघाला, तर उड्डाण त्या दिवशी संपते, चाकरी मात्र संपत नाही. उरलेली मुदत त्याच गणवेशात जमिनीवर काढावी लागते. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलाला समोर बसवून एकच विचारावे: उद्या हेलिकॉप्टर काढून घेतले आणि लडाखच्या एखाद्या चौकीवर शिधा मोजण्याचे काम दिले, तर तू तेथे राहशील काय? उत्तर होकारार्थी असेल तर त्याला खुशाल जाऊ द्यावे, शिकवणीचे पैसेही आनंदाने भरावेत. नकारार्थी असेल, तर कर्ज काढून खासगी परवाना घेणे हाच त्याच्यासाठी आणि सैन्यासाठीही अधिक प्रामाणिक मार्ग होय.