घरातील विज्ञान : कल्हई कशासाठी?

पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, परंतु त्याच भांड्याला कल्हई केली म्हणजे ते कळकत नाही. असे का व्हावे, ह्याचा विचार आपण कधी केला आहे काय?

पितळ हा तांबे आणि जस्त ह्यांचा मिश्रधातू होय. जस्ताच्या मिश्रणाने तांब्याला कठीणपणा येतो. मात्र त्याचा मूळ स्वभाव पालटत नाही. ताक, चिंच, आमसूल ह्यांतील आम्ले आणि हवेतील प्राणवायू ह्यांच्यामुळे भांड्याची धातू झिजते आणि तिचे क्षार अन्नात उतरतात. असे अन्न पोटात गेल्यास मळमळ व वांत्या होतात.

ह्यावर आपल्या पूर्वजांनी योजलेला उपाय म्हणजे कथलाचा पातळ लेप. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागराची पूड टाकतो, ती उगाच नव्हे. तिच्या योगाने पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथील धातूला घट्ट धरते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणूनच भांडे शाबूत राहून कथील तेवढे पसरते. मात्र ह्याच कारणामुळे कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. लेप वितळून जातो.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. कथलात स्वस्त शिसे मिसळलेले असल्यास ते नुसत्या डोळ्यांना सहसा ओळखता येत नाही. शिसे विषारी असून मुलांच्या मेंदूला विशेष अपायकारक आहे. त्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक मानीत नाहीत. तेव्हा कल्हई खात्रीच्या शुद्ध कथलाचीच करून घ्यावी.

सगळेच लेप सारखे नसतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीवर ओरखडा पडला, तरी जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडाबरोबर निदान दहा-अकरा टक्के क्रोमियम असते. त्याचा डोळ्यांना न दिसणारा थर पृष्ठभागावर असतो. तो खरवडला गेला, तरी हवेतील प्राणवायूने पुन्हा तयार होतो.

कल्हईला मात्र असे आपोआप भरून येणे ठाऊक नाही. लेपाखालून पिवळा वा तांबूस रंग डोकावू लागला, की त्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवणे बंद करावे आणि कल्हईवाल्याला हाक मारावी.